धनुर्वाताची सुई झाली, डांग्या खोकल्याचे काय?

प्रति,
मा. महापालिका आयुक्त आणि मा. आरोग्य अधिकारी,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे

विषय : पालिकेच्या प्रसूतिगृहांत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला या तिन्हींविरुद्धची) लस सुरू करणे आणि मोठ्या माणसांतला डांग्या खोकला वेळेत ओळखणे

महोदय,

पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातलेल्या कुठल्याही गरोदर महिलेचे माता-बाल संरक्षण कार्ड उघडून पाहावे. लशीच्या रकान्यात 'टीडी-१', 'टीडी-२' असे लिहिलेले असते. या लशीत धनुर्वात आणि घटसर्प असे दोनच घटक आहेत. बाईला विचारले तर ती सांगते, "धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झालीत." ते खरेही असते. पण बाळाचे डांग्या खोकल्यापासून रक्षण करील असे काहीही त्या दोन इंजेक्शनांतून त्याच्यापर्यंत जात नाही.

राष्ट्रीय वेळापत्रकात डांग्या खोकल्याविरुद्धच्या मात्रा अशा आहेत : ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांची एकत्र लस), १६ ते २४ महिन्यांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर, ५ ते ६ वर्षांत दुसरा. पुढे १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी, गरोदरपणात पुन्हा टीडी. म्हणजे सहाव्या वर्षानंतर पुणेकर या रोगाच्या बाबतीत जुन्या शिल्लकीवर जगतो. ती शिल्लक किती दिवस पुरते? लशीने आलेली प्रतिकारशक्ती साधारण ४ ते १२ वर्षे. प्रत्यक्ष आजार होऊन गेला असला तरी ४ ते २० वर्षे. 'लहानपणी डांग्या खोकला झाला होता, आता सुटलो' हा समज घरोघरी आहे, तो चुकीचा आहे. कॉलेजात जाणारा मुलगा, तिशीतला बाप, साठीची आजी या तिघांनाही हा खोकला होऊ शकतो आणि तिघेही तो घरातल्या तान्ह्या बाळाला देऊ शकतात.

आम्ही बालरोग, स्त्रीरोग, सूक्ष्मजीवशास्त्र आणि शालेय आरोग्य या क्षेत्रांत पुण्यात काम करणारी मंडळी आहोत. राष्ट्रीय वेळापत्रक बदलणे पालिकेच्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. पण आपल्या प्रसूतिगृहांत, दवाखान्यांत आणि शाळांत काय करायचे यातले बरेच काही आपल्या हातात आहे, आणि हे पत्र तेवढ्यापुरतेच आहे.

आधी मोठ्यांतला आजार कसा दिसतो ते सांगतो, कारण चूक तिथूनच सुरू होते. जिवाणू शरीरात शिरल्यावर साधारण ७ ते १० दिवसांनी, क्वचित ३ आठवड्यांनी, साधी सर्दी होते. नाक गळते, घसा खवखवतो, ताप बारीक असतो किंवा नसतोच. आठवडा-दोन आठवड्यांच्या या काळात संसर्ग भरपूर पसरतो आणि नेमकी तेव्हाच कुणाला शंका येत नाही. मग उबळ सुरू होते. एका श्वासावर दहा-पंधरा खोकले, मधे हवा घ्यायला उसंत नाही, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, शेवटी ओकारी. उबळ ओसरली की माणूस ठणठणीत. रात्री दोन वाजता पलंगाच्या कडेला बसून ओकणारा माणूस सकाळी अकराला डॉक्टरांसमोर येतो तेव्हा त्याची छाती स्वच्छ असते, एक्स-रे साफ असतो, ताप नसतो. लहान मुलांत श्वास ओढताना येणारा 'हूप' आवाज मोठ्यांत बहुधा ऐकूच येत नाही. त्यामुळे 'ॲलर्जी', 'पित्त', 'हवा बदलली', 'कबुतरं' अशी लेबले लागतात आणि सिरपच्या बाटल्या बदलत राहतात. खोकला दोन-तीन महिने चालतो. खोकून बरगडी मोडणे, लघवी सुटणे, डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळणे, उबळीत भोवळ येऊन पडणे हे सगळे मोठ्यांत होते. तरी मोठी माणसे यातून बरी होतात.

तान्ह्या बाळाचे तसे नाही. दोन-तीन महिन्यांच्या आतले बाळ पुष्कळदा खोकतही नाही. ते दूध ओढायचे थांबते, श्वास घ्यायचे थांबते, निळे पडते. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी ३०-४० हजारांच्या वर आणि त्यात लिम्फोसाइट जास्त दिसल्या, तर बालरोगतज्ज्ञाच्या छातीत धस्स होते, कारण या पेशींची गर्दी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत होऊन तिथला दाब वाढतो आणि मग व्हेंटिलेटरही पुरा पडत नाही. लशीची पहिली मात्रा सहाव्या आठवड्याला, आणि भरवशाचे संरक्षण त्यापुढच्या मात्रांनंतर. जन्मापासून तोवरचे हे आठवडे झाकायला एकच मार्ग आहे : आईला गरोदरपणात टीडॅप देणे, म्हणजे आईच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात. अमेरिकेतल्या अभ्यासांत २७ ते ३६ आठवड्यांत दिलेल्या टीडॅपमुळे दोन महिन्यांखालच्या बाळांतले डांग्या खोकल्याचे सुमारे ७८ टक्के आजार टळले आणि रुग्णालयात दाखल व्हायची वेळ येणे सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाले. इंग्लंडने ऑक्टोबर २०१२ पासून डांग्या खोकल्याचा घटक असलेली लस सर्व गरोदर महिलांना देऊ केली. आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञांची 'फॉग्सी' आणि बालरोगतज्ज्ञांची 'आयएपी' या दोन्ही संघटना टीडॅपची शिफारस करतात. कोथरूडच्या खासगी रुग्णालयात नाव घातलेल्या बाईला ती मिळते, येरवड्याच्या पालिका रुग्णालयातल्या बाईला मिळायची तर तिला स्वतः विकत आणावी लागते. बाजारात एका मात्रेची किंमत हजार रुपयांच्या वर आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईने ती खर्चावी, ही अपेक्षाच चुकीची.

आता वेळेचा मुद्दा, आणि तो नीट पाहायला हवा. सध्याच्या पद्धतीत नाव घातल्याबरोबर टीडी-१ आणि चार आठवड्यांनी टीडी-२ होते. नोंदणी लवकर झाली असेल तर विसाव्या आठवड्याच्या आतच दंडावरचे काम संपते. पुढे कुणी लशीच्या रकान्याकडे पाहत नाही. आमची सूचना अशी : टीडी-१ नेहमीप्रमाणे, आणि दुसरी मात्रा टीडीऐवजी टीडॅपची, २७ व्या आठवड्यानंतर. गेल्या तीन वर्षांत गरोदरपणात टीडी पूर्ण झाल्यामुळे जिला एकच मात्रा लागते, तिला ती एकच टीडॅपची द्यावी. टीडी-२ आधीच झाले असेल तरी टीडॅप द्यायला हरकत नाही, दोन्हींत ठरावीक अंतर राखण्याची अट नाही. वेगळे सत्र भरवण्याचीही गरज नाही. गरोदरपणातली तिसरी तपासणी २८ ते ३४ आठवड्यांत असते, ती या कामाला अगदी बरोबर बसते. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायका येतातच. त्या दिवशी ओपीडीच्या टेबलावर २७ आठवडे ओलांडलेल्यांची यादी असली की झाले.

पुण्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावीच लागेल. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटीभरण झाले की माहेरी जाते. कुणी बीडला, कुणी सोलापूरला, कुणी पार मराठवाड्याच्या टोकाला. तिसाव्या आठवड्याची तारीख दिलेली बाई परत दिसेलच असे नाही. म्हणून आशाताईंनी २६ व्या आठवड्यालाच विचारावे, "माहेरी कधी निघणार?" आणि निघण्याआधी, २७ वा आठवडा लागताच, लस द्यावी. प्रतिद्रव्ये तयार होऊन बाळाकडे जायला निदान दोन आठवडे लागतात, त्यामुळे या मुदतीत जितकी लवकर तितके बरे. छत्तिसावा उलटला तरी द्यावी, फक्त बाळाला मिळणारा वाटा कमी होतो. आणि ती दर गरोदरपणात द्यायची असते, कारण आईची प्रतिद्रव्ये वर्षभरात बरीच उतरतात. पहिल्या खेपेला घेतली होती म्हणून दुसऱ्या बाळाला उपयोग नाही.

नोंद करताना 'टीडॅप' असे पूर्ण लिहावे, शिवाय बॅच क्रमांक आणि किती आठवड्यांना दिली तेही. नुसते 'टीडी ३' लिहिले की बाळंतपण दुसऱ्या गावी झाल्यावर तिथल्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

साठवणुकीचे दोन शब्द. टीडी दहा मात्रांच्या कुपीत येते, उघडलेली कुपी नियम पाळून चार आठवडे वापरता येते. टीडॅप एकेका मात्रेच्या भरलेल्या सिरिंजमध्ये किंवा कुपीत येते. वाया जाणे कमी, पण जागा कितीतरी पट लागते. आयएलआर (लस ठेवायचे खास फ्रिज) आधीच भरलेले असतात, म्हणून तीन महिन्यांचा साठा एकदम न मागवता महिन्याचा मागवावा. तापमान २ ते ८ अंश. गोठली की ही लस संपली, कारण तिच्यातले ॲल्युमिनियमचे संयुग गोठल्यावर गुठळ्या धरते. आयएलआरच्या तळाशी गार जास्त असते, म्हणून खोकी वरच्या टोपलीतच हवीत, तळाला किंवा भिंतीला टेकलेली नकोत. सत्रासाठी नेताना बर्फाचे पॅक घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवून मगच डब्यात घालावेत. मात्रा ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. दंड एक-दोन दिवस दुखतो, अंग कसकसते, कधी बारीक ताप येतो. पूर्वी अशा लशीने तीव्र ॲलर्जी झाली असेल, किंवा डांग्या खोकल्याच्या लशीनंतर सात दिवसांत मेंदूवर परिणाम झाला असेल, तर देऊ नये. आईने टीडॅप घेतल्यावर बाळाचा पेंटाव्हॅलेंटला मिळणारा प्रतिसाद काहीसा मंद दिसतो, त्यामुळे बाळाच्या मात्रा वेळेवर होणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

'मग घरातल्या सगळ्यांनाच टीडॅप का देऊ नये?' असे आम्हाला विचारले जाते. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. पण पालिकेने आपला पैसा आधी तिथे घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. किशोरवयीन मुलांत टीडॅपनंतर पहिल्या वर्षी दहातल्या सुमारे सात जणांना संरक्षण मिळते, चौथ्या वर्षापर्यंत ते तीन-चार जणांवर येते. शिवाय अपेशीय, म्हणजे जिवाणूचे निवडक घटक असलेली लस आजार रोखते, पण घशातला जिवाणू आणि त्याचा प्रसार तितका रोखत नाही, हे बबून माकडांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. घराभोवती लशीचे कडे उभारण्याची कल्पना ऐकायला छान आहे, पण आजोबांपासून आत्यापर्यंत सगळ्यांना गाठायला खर्च फार आणि फळ कमी. एक मात्रा आईला दिली तर तिचा उपयोग नक्की होतो.

मात्र तान्ह्या बाळाच्या रोज हातभर अंतरावर असणाऱ्या काही मोठ्यांना लस हवी. पालिकेच्या प्रसूतिगृहांतल्या आणि नवजात कक्षांतल्या परिचारिका, आया आणि निवासी डॉक्टर यांना ती पालिकेने द्यावी. आणि एक नाव सरकारी यादीत कधी येत नाही : बाळ-बाळंतिणीची मालिश करणारी मावशी. ती सकाळी सहापासून चार-पाच घरे करते, प्रत्येक घरी बाळाला पायांवर घेऊन तासभर त्याच्या तोंडावर वाकलेली असते. तिला खोकला झाला तर सुट्टी नसते, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. आशाताईंना वस्तीतल्या या मावश्या ठाऊक असतात. त्यांची यादी करून त्यांना मोफत टीडॅप द्यावी. बाळंतिणीच्या घरालाही सांगावे की मावशी खोकत असेल तर तिला पगारासकट आठवडाभर घरी बसवा. बारशाला येणाऱ्या खोकलेल्या पाहुण्यांनाही हेच लागू, ते बाळाला लांबून पाहतील.

आता दवाखान्याकडे येऊ. क्षयरोग कार्यक्रमामुळे आपल्याकडे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला की थुंकी तपासायची शिस्त आहे. ती अगदी योग्य. पण थुंकी निगेटिव्ह आली, किंवा खोकला कोरडा म्हणून थुंकी आलीच नाही, की माणूस घरी जातो. तिथेच केसपेपरवर चार प्रश्नांचा शिक्का मारावा, एवढेच आम्ही मागतो : खोकला उबळीने येतो का? उबळीनंतर ओकारी होते का? दोन उबळींच्या मधे बरे वाटते का? घरात वर्षाच्या आतले बाळ किंवा गरोदर बाई आहे का? पहिल्या तीनपैकी कुठल्याही एका प्रश्नाला 'हो' आले आणि दुसरे कारण दिसत नसेल, तर डांग्या खोकल्याचा संशय धरावा. रक्तदाबाची एनालाप्रिल, रॅमिप्रिलसारखी गोळी चालू आहे का तेही विचारावे, त्यांनीही कोरडा खोकला येतो. चौथ्यालाही 'हो' असेल तर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता उपचार सुरू करावा.

तपासणीत चूक होते ती स्वॅबमध्ये. कोविडच्या काळात शहरात आरटी-पीसीआरची यंत्रे आली, नाकातून स्वॅब घेणारे हात तयार झाले, ते आजही आहेत. पण घशाचा स्वॅब इथे चालत नाही, नाकपुडीच्या तोंडाशी फिरवलेलाही नाही. नाकातून सरळ मागे, घशाच्या वरच्या भागातल्या मागच्या भिंतीला टेकेपर्यंत स्वॅब जायला हवा आणि तिथे काही सेकंद फिरवायला हवा. काडी पॉलिस्टर, रेयॉन किंवा नायलॉन फ्लॉकची असावी. कापसाचा बोळा जिवाणू वाढू देत नाही, कॅल्शियम अल्जिनेटचा पीसीआर बिघडवतो. पीसीआर खोकल्याच्या पहिल्या तीन आठवड्यांत उपयोगी, कल्चर (नमुन्यातला जिवाणू वाढवून पाहणे) पहिल्या दोन आठवड्यांत. त्यानंतर रक्तातील पर्टुसिस विषाविरुद्धच्या (डांग्या खोकल्याच्या जिवाणूच्या विषाविरुद्धच्या) आयजीजी या प्रतिद्रव्याच्या तपासणीचा विचार करावा, पण वर्षभरात टीडॅप घेतलेल्यांत तो फसवा ठरतो. आयजीएम किटवर विसंबू नये. आणखी एक बारीक गोष्ट : काही लशींत जिवाणूच्या डीएनएचे अंश असतात. ज्या टेबलावर लस भरली त्याच टेबलावर स्वॅब घेतला तर खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. लसीकरणाची खोली आणि स्वॅबची खोली वेगळी ठेवावी. शहरात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे, पण हा रोग जिवाणूचा आहे. त्यामुळे पालिकेने एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेशी वेगळा करार करावा आणि थोडे तरी नमुने कल्चरला पाठवावेत. चीनमध्ये ॲझिथ्रोमायसिनसारख्या मॅक्रोलाइड औषधांना दाद न देणारे जिवाणू मोठ्या प्रमाणावर सापडले आहेत. आपल्याकडे ते आले तर कल्चरशिवाय समजणार नाही.

औषधाबाबत एक सवय मोडायला हवी. ॲझिथ्रोमायसिन ५०० ची तीन गोळ्यांची पट्टी हातात देणे हा आपल्याकडचा रिवाज आहे. डांग्या खोकल्यात मोठ्यांना पहिल्या दिवशी ५०० मिग्रॅ, मग चार दिवस रोज २५० मिग्रॅ, असे पाच दिवस द्यायचे असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला किलोमागे १० मिग्रॅ रोज एकदा, पाच दिवस, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांना आधी ईसीजी. औषध पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत मिळाले तर खोकला सौम्य होतो. उबळ पक्की झाल्यावर औषधाने खोकला थांबत नाही, फक्त प्रसार थांबतो, हे रुग्णाला आधीच सांगावे, नाहीतर तो सहाव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. खोकला सुरू होऊन तीन आठवडे उलटले की औषधाचा उपयोग उरत नाही, पण बाळे आणि दिवस भरत आलेल्या बाया यांना सहा आठवड्यांपर्यंत द्यावे. पाच दिवसांचे औषध पूर्ण होईपर्यंत शाळा, कामावर जाणे, अभ्यासिका बंद. औषध घेतलेच नाही तर तीन आठवडे. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर घरातल्या सगळ्यांना, खोकला असो वा नसो, हाच पाच दिवसांचा कोर्स रुग्णाचा खोकला सुरू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत द्यावा. त्या घरातल्या लस न घेतलेल्या दहा जणांतल्या आठ-नऊ जणांना संसर्ग होऊ शकतो, इतका हा रोग चिकट आहे.

अभ्यासिकांचा उल्लेख मुद्दाम केला. सदाशिव पेठ, नवी पेठ इथे स्पर्धा परीक्षांची मुले वातानुकूलित बंद खोलीत दहा-बारा तास हाताला हात लागेल अशी बसतात, रात्री खोलीवर चौघे-पाच जण झोपतात. खोकणाऱ्याला पाच दिवसांची फी परत मिळणार नसेल तर तो घरी बसणार नाही. परवाना किंवा तपासणीच्या निमित्ताने पालिकेला अभ्यासिकाचालकांशी बोलता येते, तेव्हा रजेचे दिवस पुढे वळते करण्याची अट घालावी आणि दुपारी अर्धा तास खिडक्या उघडायला लावाव्यात.

शाळांबाबत थोडक्यात. पाच वर्षांचा डीपीटी बूस्टर मोफत आहे आणि तरी पुष्कळ मुलांचा राहतो, कारण दीड वर्षाच्या डोसानंतर आईबाप लसीकरणाला यायचे थांबतात. सात वर्षे पूर्ण झाली की डीपीटी देता येत नाही, संधी गेली. अंगणवाडी, मोठा गट आणि पहिलीच्या प्रवेशावेळी कार्ड पाहून राहिलेल्या मुलांची यादी जवळच्या पालिका दवाखान्याला द्यावी. हे काम बिनखर्चाचे आहे. पाचवीत टीडी देताना पालकांच्या चिठ्ठीत दोन ओळी वाढवाव्यात : या लशीत डांग्या खोकला नाही, १० ते १२ वर्षांत टीडीऐवजी टीडॅप घेण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात, ती बाहेर घेतली असेल तर कार्ड दाखवा. टोचल्यावर मुलांना पंधरा मिनिटे बसवून ठेवावे, या वयात सुई पाहून भोवळ येणारी मुले बरीच असतात.

इथे खासगी बालरोगतज्ज्ञांनाही एक सांगणे आहे. 'न दुखणारी लस' म्हणून जास्त पैशांत दिली जाते ती अपेशीय लस. ताप कमी येतो हे खरे, पण तिचे संरक्षण जुन्या, ताप आणणाऱ्या संपूर्ण पेशीच्या लशीपेक्षा लवकर ओसरते. बाणेर-औंधच्या सोसायट्यांतली मुले पालिकेच्या दवाखान्यात लस घेतलेल्या मुलांपेक्षा दहाव्या वर्षी जास्त उघडी पडतात, असा याचा अर्थ. ज्यांना ती दिली त्यांच्या आईबापांना किशोरवयातल्या टीडॅपची तारीख कार्डावर लिहून द्या.

रोग नोंदवण्याच्या पी-फॉर्ममध्ये डांग्या खोकल्याची ओळ आहे. ती बहुतेक कोरी जाते. खासगी दवाखान्यांकडून आठवड्याला शून्य असले तरी 'शून्य' असे कळवून घ्यावे, आणि वय लिहून घ्यावे, कारण पंधरा वर्षांवरचे रुग्ण नोंदीत येत नाहीत तोवर या शहरात मोठ्यांना हा रोग होतच नाही असेच कागद सांगत राहतील.

हडपसरमध्ये तयार झालेली डांग्या खोकल्याची लस जगभरच्या बाळांपर्यंत जाते. गरोदर मातांसाठी टीडॅपची खरेदी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षकाखाली धरावी आणि लसीकरणाचे प्रमाण काढताना मागच्या वर्षीच्या एकूण प्रसूती न धरता २७ आठवड्यांपर्यंत पोहोचलेल्या नोंदणीचा आकडा धरावा. पहिले सहा महिने कमला नेहरू रुग्णालय आणि आणखी दोन प्रसूतिगृहांत सुरू करून, किती बायका माहेरी गेल्या आणि किती सुटल्या ते मोजावे. परिचारिकांना स्वॅब घेण्याचे आणि आयएलआरमधल्या मांडणीचे प्रात्यक्षिक द्यायला आम्ही प्रत्येक परिमंडळात येऊ, मानधन नको, शनिवारची दुपार चालेल.

आपले,
डांग्या खोकल्याच्या प्रतिबंधावर काम करणारे पुण्यातील डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ